कड आणि ढग

काळ्या ढगालाही रुपेरी कड असते, हा उपदेश २०२० च्या त्या चैत्र-वैशाखात इतक्या मुखांनी आणि इतक्या वेळा कानांवर आला की, शेवटी ढग राहिला बाजूला, त्या उपमेकडेच जरा निरखून पाहावे असे मला वाटू लागले. ही उपमा आमच्या मुलखातली नव्हे. जेथे आभाळ बारा महिने झाकोळलेले असते आणि उन्हाची एखादी तिरीप हीच मोठी मिरास मानली जाते, त्या विलायतेत ती जन्मली आणि शाळेतल्या निबंधांच्या वाटेने मराठीत येऊन राहिली. लोहाऱ्याच्या शिवारात मृगाच्या तोंडावर पेरणीसाठी खोळंबलेल्या कुणब्याला विचारून पाहा: चकाकत्या कडेचा पांढुरका ढग म्हणजे निव्वळ हुलकावणी, त्याला हवा असतो तो या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाभोर, कडेचा मागमूसही नसलेला. ज्या मातीत काळा ढग हेच वरदान, तेथे त्याची कड शोधत बसण्याचा छंद परकाच वाटावा. तरीही तो छंद त्या दिवसांत मलाही जडला होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे. कारण पुढे जी फिर्याद मांडणार आहे, तिच्यातील आरोपींत माझेही नाव आहे.

देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस नेमका गुढीपाडव्याचा, २५ मार्च २०२० चा. त्यापूर्वी अवघ्या अडीच महिन्यांवर, जानेवारीच्या १० ते १२ या तारखांना, जिल्ह्याच्या गावी, उस्मानाबादला (आताचे धाराशिव), अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्र्याण्णवावे अधिवेशन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते आणि त्या मांडवात आम्ही खांद्याला खांदा घासत बसलो होतो. ‘सुरक्षित अंतर ठेवा’ ही सूचना तेव्हा फक्त मालमोटारींच्या पाठीवर वाचायला मिळे. पाडव्याला गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या खऱ्या, पण कोणी कोणाच्या दारी गेले नाही. ‘टाळेबंदी’ हा शब्दही आमच्या पिढीला ठाऊक होता तो मुंबईच्या गिरण्यांच्या बातम्यांतून: मालकाने फाटकाला टाळे ठोकावे आणि मजुराने बाहेर ताटकळावे, असा त्याचा अर्थ. आता टाळे तेच, पण माणूस आत. अर्थात ज्याला ‘आत’ म्हणावे असे काही नव्हतेच, त्याच्यापुरता शब्दाचा जुना अर्थ शाबूत राहिला.

घर म्हणजे अभय, हे समीकरण लोहारा तालुक्याने इतक्या निमूटपणे मान्य करावे याचे मला तेव्हा नवल वाटले आणि अजूनही वाटते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे चार वाजायला चार मिनिटे असताना जो भूकंप झाला, त्यात सास्तूर, होळी, राजेगाव ही त्या वेळी उमरगा तालुक्यात मोडणारी गावे जमीनदोस्त झाली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्यांना धरणीने मारले म्हणण्यापेक्षा घरांनी मारले म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. मातीत बसवलेल्या दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या भिंती आणि पावसाळ्यापूर्वी थरावर थर चढवून पिढ्यान्‌पिढ्या जड होत गेलेली माळवदे, जी वैशाखात गारवा देत, ज्यांच्यावर धान्य वाळे आणि मुले झोपत, तीच भरझोपेत अंगावर आली. पुढे कित्येक महिने, ज्यांची घरे उभी होती तीही माणसे, अंगणात, रानात, पत्र्याच्या शेडात रात्र काढीत. छताखाली पाठ टेकली की त्यांचा जीव घाबराघुबरा होई. जीव वाचवायचा तर घराबाहेर पडा, हा धडा त्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेला. आजोबांच्या पिढीचा अनुभवही त्याच्याशी जुळणारा होता: प्लेगच्या दिवसांत उंदीर पडू लागले की गाव ओस टाकून रानात झोपड्या घालाव्यात, हीच त्या काळची रीत. आणि आता कर्णा लावलेली रिक्षा गल्लोगल्ली फिरून सांगत होती की, जीव वाचवायचा असेल तर उंबरठा ओलांडू नका.

भूकंपानंतर जी नवी गावे वसविली गेली, त्यांचे रस्ते ऐसपैस आणि घरे एकमेकांपासून अंतर राखून होती. शेजारणीला हाक मारली तर ऐकू जात नाही, अशी कुरकुर जुन्या गल्ल्यांत वाढलेल्या बायकांकडून मी वर्षानुवर्षे ऐकली आहे. तेच अंतर २०२० साली सर्वांना दूरदृष्टीचे वाटू लागले. याला रुपेरी कड म्हणायचे काय? मला वाटते, आपत्तीच्या पोटात लाभ शोधणाऱ्यांची खरी अडचण येथेच आहे; जो लाभ म्हणून आपण दाखवितो तो बहुधा दुसऱ्या एखाद्या आपत्तीचे जुने व्याज असतो.

तरीही त्या दिवसांनी जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. एसटी थांबली, ध्वनिक्षेपक मुके झाले, आणि लिंबाच्या झाडावरच्या साळुंक्यांचे भांडण कानाला स्पष्ट ऐकू येऊ लागले. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्या भागातले रस्ते असेच निर्मनुष्य होतात, पण ते सारे गाव आंबिलीचे बिंदगे आणि भज्जीची पातेली घेऊन शेतात गेलेले असते म्हणून. या खेपेला मात्र गाव भिंतीआड बसून होते. ज्यांना शेत होते त्यांनी लेकराबाळांसह कोठ्यावर मुक्काम हलविला आणि पुण्यात वाढलेल्या नातवंडांना कडब्याची पेंढी कशी बांधतात हे प्रथमच कळले. एप्रिलअखेर केंद्राने साथीच्या प्रमाणानुसार जिल्ह्यांची प्रतवारी जाहीर केली, तीत उस्मानाबाद हिरव्या पट्ट्यात आले. त्यामुळे आपल्यावर काही विशेष कृपा आहे, असाही एक समज काही काळ पसरला. लग्ने दारातल्या मांडवात, मोजक्या माणसांत उरकू लागली. मुलीच्या लग्नापायी सावकाराचे दार पाहणाऱ्या या मुलखात, समाजसुधारकांना शंभर वर्षांत जे साधले नाही ते एका विषाणूने साधले, असे वाक्य मीच एका मित्राला दूरध्वनीवर मोठ्या ऐटीत ऐकविले होते. लवकरच त्या वाक्याची दुसरी बाजू कळली. लग्न स्वस्त झाले, शाळा बंद होती, चार माणसांत गुपचूप उरकता येत होते. तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीही उजवल्या जाऊ लागल्या. काटकसर जमेस धरली, आणि त्या मुलींचे मोडलेले शिक्षण मात्र कोणाच्याच खतावणीत आले नाही.

माझी फिर्याद आहे ती अशी. आपत्तीचा हिशेब मांडताना जमेचे पान एकाचे आणि खर्चाचे पान दुसऱ्याचे, अशी वही आपण चालवितो आणि तिला समाधान म्हणतो. मला दरमहा निवृत्तिवेतन मिळत होते, कणगीत जोंधळे होते, डोक्यावर भूकंपानंतर बांधलेले स्लॅबचे छत होते. मला शांततेचा आस्वाद घेता येत होता. त्याच दिवसांत मराठवाड्यातले ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारात कोपी ठोकून अडकले होते, राज्यभरात त्यांची संख्या लाखाच्या वर होती, आणि त्यांना गावी परतण्याची मुभा मिळाली ती एप्रिलचा मध्य उलटल्यावर. परतलेल्यांचे स्वागत कसे झाले? कित्येक गावांच्या वेशींवर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या होत्या. मुंबई-पुण्याहून आलेली आपलीच मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवली गेली. आई डबा आणून कुंपणाच्या भिंतीवर ठेवी, लांब जाऊन उभी राही, आणि मुलगा डबा उचलून वर्गात जाईपर्यंत पदराने तोंड झाकून पाहात राही. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादेजवळ करमाडपाशी रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने ते तेथे विसावले होते. ज्या शांततेचे मी साळुंक्यांच्या निमित्ताने कौतुक करीत होतो, तिच्यावरच त्यांनी भरवसा ठेवला होता.

यावर कोणी म्हणेल, दुःखात विरंगुळा शोधणे हा माणसाचा स्वभावधर्म आहे, त्याला अपराध का ठरवायचे? आक्षेप रास्त आहे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना कोणी अपराधी म्हटल्यास मी त्याच्याशी भांडेन. पण त्या म्हाताऱ्या स्वतःच्या राखेवर बसून गात होत्या. सांत्वन ही ज्याचे गेले त्याची मिरासदारी आहे. ज्याचे काहीच गेले नाही त्याने तेच गाणे म्हटले की त्या गाण्याची जात बदलते, आणि ते नफ्याच्या हिशेबात जाऊन बसते.

आता माझ्याच जमेच्या पानावरची एक नोंद सांगतो. घरात आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे, आणि तिच्यात निजामी अमदानीतले उर्दू दस्तऐवज. आमच्या घरात ती लिपी कोणाला येत नाही, म्हणून सत्तर वर्षे ती पेटी नुसती पुसली जाई, कोणी उघडीत नसे. शेजारी, एका भिंतीपलीकडे, उर्दू माध्यमात शिकलेले एक वयोवृद्ध चाचा राहतात. टाळेबंदीच्या दुसऱ्या आठवड्यात मी भिंतीवर एक कागद दगडाखाली ठेवला आणि चार पावले मागे सरलो. चाचांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला आणि ओट्यावर बसून सावकाश वाचून दाखविला. ते दिवस चमत्कारिक होते. रोग दिल्लीच्या कोणत्या जमावातून आला याची चर्चा दूरचित्रवाणीवर अहोरात्र चाले, आणि भाजीवाल्याला भावाआधी नाव विचारले जाई. पहिल्या दिवशी परत आलेला कागद मी तासभर उन्हात ठेवला. खबरदारी म्हणून, असे मी स्वतःला बजावले. दुसऱ्या दिवशी वाचून झाल्यावर चाचांनी कागद भिंतीवर ठेवण्याआधी दोन्ही हातांनी उन्हात धरला, काही वेळ तसेच उभे राहिले, आणि मग दगडाखाली ठेवला. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. त्यानंतर मी कागद उन्हात ठेवणे सोडले, एवढेच.

तिसरा की चौथा कागद सन १३२८ फसलीचा निघाला. फसलीत पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन येतो, हे चाचांनीच सांगितले; म्हणजे १९१८-१९. मी चपापलो. ते मानमोडीचे वर्ष. ज्या तापाने हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसे नेली, आणि ज्या वर्षी दख्खनेत पाऊसही दगा देऊन गेला, त्या वर्षाचा आमच्या घरातला कागद! मी अधीर होऊन विचारले, साथीविषयी काही आहे का? चाचांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. “गुरुजी, बीमारीचा एक हर्फ बी न्हाई यात. सारा किती, वसूल किती, बाकी किती, तेवढंच हाय. बाकी लई दिसते.” घरात त्या साली कोण गेले, कोण वाचले, चूल किती दिवस बंद होती, याचा मागमूस नाही, सरकारची येणे बाकी मात्र आण्या-पैपर्यंत चोख. दप्तराला रोग दिसत नाही, त्याला थकबाकी दिसते. आणि मला वाटून गेले की, टाळेबंदीने आम्हाला काय काय दिले याच्या ज्या याद्या आम्ही हौसेने करीत होतो, त्या याच दप्तराच्या वारसदार आहेत. रकाने तेवढे बदलले.

त्या वर्षीच्या ढगांची हकीकतही सांगायला हवी. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन कित्येकांच्या शेतात उगवलेच नाही, दुबार पेरणी करावी लागली. श्री तुळजाभवानीचे शारदीय नवरात्र भाविकांविना सुरू होण्याच्या बेतात असताना, ऑक्टोबरच्या मध्यास, आभाळ खरोखरच या टोकापासून त्या टोकापर्यंत काळे झाले, आणि दोन-तीन दिवसांत काढणीला आलेले, कापून ढीग घातलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. तेरणाकाठी तर मातीच वाहून गेली. वरदान म्हणून ज्याची वाट पाहिली तोच ढग. माकणीच्या धरणातले पाणी पाहायला मात्र लोक मुखपट्टी हनुवटीवर ओढून, गर्दी करून गेले होते. धरणाची ती तुडुंब छायाचित्रे माझ्याही भ्रमणध्वनीवर आली, आणि पुढच्या उन्हाळ्याची चिंता मिटली असे मी त्याखाली लिहिले. पाठविणाऱ्याचे सोयाबीन नदीकाठी होते. त्याने उत्तर दिले नाही.

टाळे हळूहळू उघडले. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली देवळे उघडली, एसटी पूर्ववत झाली, ध्वनिक्षेपकांना वाचा फुटली, नातवंडे पुण्याला गेली. लग्नांचे मांडव पुन्हा मंगल कार्यालयांत जाऊन बसले, आणि त्यांचा खर्च मागची कसर भरून काढणारा झाला. चाचा संध्याकाळी ओट्यावर बसलेले असतात. जाता-येता मी हात वर करतो, तेही करतात. उरलेले कागद जुम्म्यानंतर वाचू, असे ते शेवटी म्हणाले होते, त्यानंतर पुष्कळ जुम्मे गेले. पेटीत अजून तीन कागद बाकी आहेत, आणि भिंतीवर तो दगड आहे तसाच आहे.