कोवळ्या मेथीचे हितचिंतक

शाळेच्या परसबागेतली मेथी कुणी नेली, यावर लिंबागणेशात आठवडाभर बोलून झालंय. मी नाव घेणार नाही. मेथी गेल्याचा राग आहेच, पण वर जे ऐकवलं जातंय त्याचा जास्त आहे.

'सरकारी जागा आहे', 'एवढ्याशा भाजीनं काय होतंय', ही नेहमीची रड, सोडून देऊ. पण 'खुडली की जोमानं फुटते' हे काही घशाखाली उतरत नाही. म्हणजे ही चोरी नव्हे, मशागत! पहाटेच्या अंधारात, मास्तर यायच्या आत, काळी कॅरीबॅग घेऊन कुणीतरी शाळेची शेती सुधारत होतं. पगार नाही, सत्कार नाही, निव्वळ सेवाभाव. हरभऱ्याचा शेंडा खुडला की फुटवे वाढतात, हे आपल्याकडं पोरासोरालाही ठाऊक आहे. पण तो नखानं खुडतात. पालकाची बाहेरची पानं घेतात, मधला कोंब राखतात. मेथी बुडाशी दोन बोटं देठ ठेवून कापली, तर पुन्हा हाताला येते. इथं वाफ्यात नुसती भोकं होती आणि बांधावर झटकलेल्या मातीची ढेकळं. मुळासकट गेलेल्या मेथीला फुटवा येणार कुठून, कॅरीबॅगेतून?

शेपूच्या वाफ्याला मात्र कुणी बोट लावलेलं नव्हतं. एवढ्यापुरतं माझं आणि चोराचं जमतं.

आता हिशेब. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीच्याला 75. दोन किलोची पिशवी भरली, की 40 लहानग्यांच्या ताटातली एका दिवसाची भाजी गेली. आपल्या जिल्ह्यात अशा कित्येक पोरांचे आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले असतात; पोरं आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात. हात धुतलेलं पाणी वाफ्याला सोडून भाजी वाढवायची त्यांनी, आणि 'जोमानं फुटते' हे शिकवायचं दुसऱ्यानं!

वाटसरूनं चार ढाळे उपटून खाल्ले तर आपल्या रानात कुणी हटकत नाही. पण त्या रिवाजाला शिस्त आहे: उजेडात न्यावं, धन्याच्या देखत न्यावं, हातात मावेल तेवढंच न्यावं. कॅरीबॅग निघाली की रिवाज संपला.

आता खरं सांगायचं तर शेजारच्या वहिनी आमच्या वाफ्यातली कोथिंबीर न विचारता नेतात आणि मी गप्प बसतो. संध्याकाळी चटणीची वाटी येते; तत्त्व तेवढं वाकतं. शाळेत अजून एक धपाटंसुद्धा पोचलेलं नाही.