मुलीस काही खावयास द्या

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-४३



याईराच्या मुलीची गोष्ट आपल्या मंडळ्यांत वारंवार वाचली जाते. ती ऐकताना आपले सर्व लक्ष, प्रभू येशूने त्या मृत मुलीचा हात धरला आणि ती उठून चालू लागली, ह्या एका प्रसंगाकडे असते, व ते योग्यच आहे. परंतु त्यानंतर मार्काने आणखी एक लहानशी गोष्ट लिहून ठेविली आहे, तिच्याकडे आपण फारसे पाहत नाही. लोक आश्चर्याने थक्क होऊन उभे असता प्रभूने सांगितले की, मुलीला काही खावयास द्यावे.

ज्याने मुलीला मृत्यूच्या हातून सोडविले त्याला तिचे पोट भरणे कठीण होते काय? पुढे अरण्यात हजारोंस त्यानेच जेवू घातले. तरी त्या दिवशी त्याने चूल आईच्या हाती राहू दिली. जे मनुष्याच्या हातून होणे शक्य नव्हते ते त्याने स्वतः केले, आणि जे आईबापांच्या हातून होण्यासारखे होते ते त्याने त्यांच्यावर सोपविले. ह्यावरून आपण एवढेच शिकावयाचे आहे की, आजारी लेकरासाठी प्रार्थना करणे आणि त्याची नीट काळजी घेणे ही दोन निरनिराळी कामे नाहीत. एकाच प्रभूने दोन्ही सांगितली आहेत.

पहिली गोष्ट : बाप वेळेवर निघाला

याईर हा सभास्थानाचा अधिकारी होता. पुष्कळ लोकांसमक्ष येशूच्या पाया पडणे हे त्याच्या प्रतिष्ठेस साजणारे नव्हते. परंतु मुलगी मरणास टेकली होती, म्हणून त्याने मानाचा विचार केला नाही व उद्याची वाटही पाहिली नाही.

आपल्या खानदेशात किती लेकरे ह्या "उद्या पाहू" पायी गेली आहेत! कापूस वेचणीचे दिवस असतात, मजुरी बुडते, गाडीभाडे जवळ नसते. ऊसतोडीला गेलेले कुटुंब तर परक्या मुलखात असते. ह्या अडचणी खऱ्या आहेत व त्यांबद्दल कोणा गरिबास दोष देणे ख्रिस्ती माणसास शोभणार नाही. परंतु मूल मोठ्या माणसासारखे दुखणे सोसू शकत नाही. सकाळी हसणारे बालक संध्याकाळपर्यंत हाती लागेनासे होते. म्हणून केव्हा थांबावयाचे आणि केव्हा निघावयाचे, हे प्रत्येक आईबापास ठाऊक असले पाहिजे.

साधी सर्दी असून मूल खेळत व पीत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु खोकल्याबरोबर श्वास जलद चालत असेल तर मूल शांत असताना त्याची छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बालकाचे ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. ह्यालाच आपल्याकडील वृद्ध स्त्रिया "डबा" म्हणतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर क्षणाचाही विलंब करू नये. मूल अंगावर पिणे सोडील, प्यालेले सर्व ओकील, त्याला आकडी येईल, किंवा ते हाका मारूनही जागे होणार नाही, तरीही तत्काळ निघावे. दोन महिन्यांच्या आतील बालकास ताप आला अथवा त्याचे अंग गार पडले, तर घरी उपाय करीत बसू नये. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते, व तिचे पैसे पडत नाहीत.

श्वास मोजणे हे केवळ डॉक्टरांचेच काम आहे असे कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांस नवजात बालकांची घरी जाऊन पाहणी करण्यास शिकविले. १९९९ साली त्या कार्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. ज्या गावांत हे काम झाले तेथे नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचे त्यात दिसून आले. फार न शिकलेल्या स्त्रियांच्या हातांनी देवाने हे केले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. याईर निघाला तो मुलासाठी नव्हे, मुलीसाठी. २०११ सालच्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतील दर १००० मुलांमागे ८४२ मुलीच आढळल्या. हा आकडा वाचून आपण मान खाली घातली पाहिजे. मुलगा तापला की रात्रीच गाडी जोडावयाची, आणि मुलगी तापली की बाजाराच्या दिवसापर्यंत थांबावयाचे, असे ज्या घरात होते तेथे भिंतीवर क्रूस टांगलेला असला तरी याईराचा विश्वास तेथे नाही.

दुसरी गोष्ट : प्रभूने गलबला बाहेर काढिला

याईराच्या घरी पोहोचताच प्रभूला रडण्याओरडण्याचा मोठा गोंगाट ऐकू आला. त्याने त्या सर्वांस बाहेर काढिले आणि मुलीचे आईबाप व तीन शिष्य एवढ्यांसच आत नेले. आजारी मुलाच्या घरी आजही असाच गलबला असतो. एक म्हणते दृष्ट लागली, दुसरी म्हणते भगताकडे न्या, तिसरा म्हणतो पोटावर डाग द्या. आकडी आलेल्या मुलाच्या नाकाशी कोणी कांदा धरतो, कोणी चप्पल. हे सर्व प्रेमापोटीच होते, हे मी जाणतो. परंतु तापलेल्या लोखंडाने कोवळी कातडी जळते, छातीतला रोग जळत नाही. आकडी आलेल्या मुलास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि आकडी थांबताच त्यास दवाखान्यात न्यावे.

पाचव्यासहाव्या दिवशी सटवाई येऊन बाळाचे भाग्य लिहिते, ह्या समजुतीच्या मुळाशी एक खरे दुःख होते. पूर्वी त्याच सुमारास पुष्कळ बालके ताठ होऊन दगावत. तो धनुर्वात होता. नाळ कापण्याचे हत्यार अस्वच्छ असल्यामुळे, किंवा नाळेला शेण व माती लावल्यामुळे त्याचे जंतू अंगात शिरत. गरोदर स्त्रियांस लस टोचू लागल्यावर व प्रसूती स्वच्छ हातांनी होऊ लागल्यावर हा रोग हटला. हिंदुस्थानातून नवजात बालकांचा धनुर्वात जवळजवळ नाहीसा झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. म्हणून नाळेला काहीही लावू नये, ती कोरडी राहू द्यावी, आणि भीतीपोटी बाळाच्या दंडात गुपचूप गंडा बांधू नये.

लशीविषयीही असाच गलबला आहे. लस टोचली की ताप येतो, म्हणून पुष्कळ आया दुसऱ्या वेळी अंगणवाडीकडे फिरकत नाहीत. तो ताप एकदोन दिवसांचा असतो. गोवर व डांग्या खोकला मात्र जीव घेऊ शकतात. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. ह्या देशात ती लस लाभलेले ते पहिले लेकरू. पुढे देवीचा रोगच पृथ्वीवरून नाहीसा झाला, व १९८० साली तसे जाहीर झाले. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला. ज्या रोगांपुढे आपल्या पणज्या हात जोडून बसत, ते रोग देवाने दिलेल्या बुद्धीमुळे गेले.

ह्या गलबल्यात एक आवाज आपल्या मंडळीतलाही असतो. तो म्हणतो, औषध घेणे म्हणजे अविश्वास. अशा बंधूंनी शास्त्र पुन्हा वाचावे. हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा देवाने त्याची प्रार्थना ऐकली, आणि यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावविला (२ राजे २०:७). पौलाने तीमथ्याच्या पोटदुखीवर उपाय लिहून पाठविला (१ तीमथ्य ५:२३), आणि त्याचा सोबती लूक हा वैद्य होता (कलस्सै ४:१४). मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडिले, ते प्रार्थना सोडून नव्हे, प्रार्थना करूनच.

तरी सर्वच वैद्यांवर डोळे मिटून विसंबावे असेही शास्त्र सांगत नाही. ह्याच अध्यायातील रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीने आपले सर्व द्रव्य वैद्यांपायी खर्चिले, व तिचे दुखणे वाढतच गेले. आजही प्रत्येक तापाला सुई व प्रत्येक जुलाबाला सलाईन लावून गरिबाची गाठ रिकामी करणारे लोक बाजारगावी असतात. आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र येथून आरंभ करावा. दुखणे भारी असल्यास जळगाव अथवा धुळे येथील सरकारी रुग्णालय गाठावे.

तिसरी गोष्ट : खावयास द्या

आता प्रभूच्या त्या शेवटच्या आज्ञेकडे येऊ. आजारी मुलाचे खाणे तोडावे, ही आपल्याकडील जुनी समजूत. जुलाब झाले की पाणी बंद, गोवर आला की अन्न बंद. प्रभूची आज्ञा ह्याच्या अगदी उलट आहे.

जुलाबात मूल मरते ते मुख्यतः अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने. टाळू खाली गेली म्हणून वरून तेल थापतात. परंतु ती आतले पाणी आटल्यामुळे खाली गेलेली असते, आणि पाणी तर तोंडावाटेच गेले पाहिजे. १९७१ साली बंगालमध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, व शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखरेचे द्रावण रोग्यांच्या नातलगांकरवीच पाजविले. जेथे शंभरांत सुमारे तीस मरत होते, तेथे मृत्यू चारांहून कमी झाले. तेथेही औषध पाजणारे हात आईबापांचेच होते.

हे द्रावण आपल्या घरीही होते. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा, व मीठ अधिक पडू देऊ नये. आशा कार्यकर्तीकडून ओआरएसची पुडी मिळाल्यास तीच उत्तम. प्रत्येक जुलाबानंतर ते चमच्याचमच्याने पाजावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. त्याबरोबर जस्ताची गोळी डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात चौदा दिवस द्यावी, जुलाब आधी थांबले तरीही. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मोठ्या मुलास मऊ खिचडी, वरणभात, कुस्करलेले केळे द्यावे. रावेर-यावलच्या केळ्यांनी साऱ्या देशाचे बाजार भरतात. ती आपल्या लेकरांच्या ताटात का नसावीत? परंतु शौचात रक्त दिसले, मूल निपचित पडले अथवा पिईनासे झाले, तर द्रावण पाजीत पाजीतच दवाखाना गाठावा.

निरोगी बाळालाही ही आज्ञा लागू आहे. प्रसूतीनंतर पहिल्या तासातच बाळास छातीशी लावावे. पहिले पिवळसर दूध, ज्यास आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकू नये. बाळाची ती पहिली लस होय. मध, गूळपाणी, घुटी काही देऊ नये. सहा महिनेपर्यंत केवळ आईचे दूध पुरे. भुसावळच्या मे महिन्यातसुद्धा निराळे पाणी लागत नाही, कारण त्या दुधातच पाणी असते; मात्र आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे व पोटभर जेवावे. सहा महिने पूर्ण होताच उष्टावण करून घट्टसर अन्न सुरू करावे. वर्षभर केवळ दुधावर ठेविलेले मूल वाळत जाते, आणि मग आपण त्याला दृष्ट लागली म्हणतो.

ज्यांचे मूल गेले त्यांस

हे वाचणाऱ्यांत असे आईबाप असतील, ज्यांनी याईरासारखी धाव घेतली, औषध दिले, रात्रभर प्रार्थना केली, आणि तरी पाळणा रिकामा झाला. त्यांस मी काय सांगू? एवढेच सांगतो की, ते तुमच्या पापाचे फळ होते असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी तोच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने त्या मनुष्यासही दोष दिला नाही व त्याच्या आईबापांसही नाही (योहान ९:३). लाजाराच्या थडग्यापाशी प्रभू स्वतः रडला. अशा घरी जाऊन कारणे विचारू नका. जवळ बसा, आणि त्यांच्या दुसऱ्या लेकरांस जेवू घाला.

शेवटी प्रत्येक मंडळीस माझी विनंती आहे. भजनगृहाच्या भिंतीवर १०८ हा क्रमांक व धोक्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहावीत. स्त्रियांच्या सभेत श्वास मोजणे व द्रावण करणे हे एकमेकींस शिकवावे. दानातील थोडा भाग आजारी मुलाच्या गाडीभाड्यासाठी निराळा ठेवावा, म्हणजे कोणा बापास रात्री पैशांसाठी दारोदार फिरावे लागणार नाही. आणि ज्या घरी मूल तापले आहे तेथे वडील मंडळींनी केवळ प्रार्थना करून परत येऊ नये. दवाखान्यापर्यंत सोबत जावे.

ज्याने लहान मुलांस कवेत घेऊन आशीर्वाद दिला, तो प्रभू आपल्या घरांतील प्रत्येक लेकराचा हात धरो, आणि आपल्या हाती सोपविलेले काम वेळेवर करण्याची सुबुद्धी आपणांस देवो. आमेन.