पाठवण्याआधी

गेल्या ईस्टरच्या सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी ख्रिस्ती धर्माबद्दलचा एक बोचरा मजकूर पाठवला. मी तावातावाने उत्तर लिहायला घेतलं. चांगलं वीस ओळींचं झालं, आणि शेवटी पाठवणाऱ्याच्या श्रद्धेलाही एक टोला. अंगठा बाणावर टेकणार, तोच स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, दूध उतू जातंय!" गॅस बंद करून परत आलो, लिहिलेलं वाचलं आणि लाज वाटली. त्या वीस ओळींत येशू कुठेच नव्हता, सगळा मीच होतो.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, सांगितलं आहे की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. 'विचारलं तर' एवढंच आपण नेमकं विसरतो.

अशा सौम्यपणाचं एक जुनं उदाहरण म्हणजे फादर स्टीफन्स. हे मूळचे इंग्लंडचे धर्मगुरू गोव्यात आले. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, तेही मराठी ओवीत, इथल्या माणसाच्या कानाला सवयीच्या छंदात. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने आधी आपली भाषा जिवाभावाने आत्मसात केली. आम्ही तर इथलेच, शेजाऱ्यांच्या ताटात जेवलेले. आम्हाला चढ्या आवाजाची गरजच काय?

त्या वीस ओळी मी पुसल्या आणि लिहिलं, "आज आमचा ईस्टर. संध्याकाळी सगळे चहाला या." चार घरची माणसं आली.