हाताने झाकलेला दोष

एखाद्या यंत्रातील अथवा मनुष्यातील दोष दुसऱ्याच्या कौशल्यामुळे दिसेनासा झाला, तर तो नाहीसा झाला असे मानावे काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु एका जुन्या लष्करी गाडीच्या सुकाणूकडे पाहिले असता त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व भारतीय पलटणींजवळ ‘युनिव्हर्सल कॅरिअर’ नावाची, पोलादी साखळीपट्ट्यांवर धावणारी, वरून उघडी अशी लहानशी चिलखती गाडी असे. पूर्वीच्या घडणी धरून १९३४ ते १९६० या काळात अशा सुमारे १ लाख १३ हजार गाड्या निर्माण झाल्या. १९४१ साली अबिसिनियाच्या मोहिमेत सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत सर्वांत पुढच्या कॅरिअरमधून सुरुंग हुडकीत गेले. दोनदा गाडी त्यांच्याखाली उद्ध्वस्त झाली, तरी त्यांनी काम सोडले नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज इंग्लंडातील हौशी कारागीर अशा गाड्या दुरुस्त करून प्रदर्शनांत लोकांसमोर चालवितात.

या गाडीचे सुकाणू विलक्षण आहे. चक्र थोडे फिरविले की पुढील आधारचाकांना जोडणारी आडवी नळी एका बाजूस सरकते, साखळीपट्टेच किंचित वाकतात आणि गाडी सौम्य वळण घेते. चक्र आणखी फिरविले की आतल्या बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागतो आणि गाडी झटक्याने वळते. म्हणून चक्र मध्यावर असताना नळीही बरोबर मध्यावर, दोन्ही ब्रेक मोकळे आणि दोन्ही पट्ट्यांचा ताण सारखा असावा लागतो. जुन्या गाडीत खिळी झिजतात, एक पट्टा दुसऱ्याहून लांबतो, सांधे सैल पडतात. मग गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाला ओढू लागते.

येथे दोन मार्ग असतात. जोडदांड्यांची लांबी, ब्रेकमधील अंतर आणि पट्ट्यांचा ताण पुन्हा पुन्हा मोजून जुळवावा, हा कष्टाचा मार्ग. चक्र सदैव थोडे उलट धरून चालवावे, हा सोपा. निष्णात चालकाचा हात चार दिवसांत हे शिकतो, आणि पुढे आपण काही शिकलो याचेही त्यास भान राहत नाही. पाहणारे म्हणतात, गाडी कशी सरळ चालते!

एके दिवशी त्या आसनावर दुसराच चालक बसतो. त्याच्या हाताला ती सवय नसते. एका बाजूचा ब्रेक अकाली लागतो, दुसऱ्या बाजूचा उशिरा, आणि जवळजवळ चार टनांची ती गाडी दोरीपलीकडे उभ्या असलेल्या मुलाबाळांच्या रोखाने वळू शकते. पहिल्याच्या कौशल्याने दोष दूर केला नव्हता. त्याचे मोल मात्र दुसऱ्यावर ढकलले होते.

यावर कोणी म्हणेल की निर्दोष यंत्र जगात नाही, सांभाळून घेण्यावरच संसार चालतो. हे खरे आहे. ऐंशी वर्षांच्या लोखंडात पूर्ण समता आणणे कोणाही कारागिरास साधणार नाही. परंतु उरलेला दोष सांगून ठेवणे तर साधते! एखाद्या घरातील कर्त्या पुरुषाचा कोप गृहिणी तीस वर्षे सांभाळते. कोणत्या वेळी बोलू नये, कोणता विषय काढू नये, हे तिला हाताच्या सवयीसारखे कळते. आणि शेजारी त्या घराला शांत घर म्हणतात. मग नवी सून येते. पहिल्याच चुकीच्या शब्दाचा फटका तिला बसतो, आणि दोष मात्र तिच्याच अजाणतेपणाला दिला जातो. सासूचे सोसणे थोर नव्हते असे कोण म्हणेल? पण त्या सोसण्यामुळे त्या पुरुषाला आपला स्वभाव तपासून पाहण्याचे कारणच उरले नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्मातील कौशल्याचा उल्लेख येण्यापूर्वी समत्वाचा विचार आला आहे. हा क्रम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हातोटी आणि कौशल्य यांत भेद करावयाचा तो येथेच.

जाणता कारागीर म्हणूनच सपाट मोकळ्या जागी, माणसे दूर ठेवून, गाडी अगदी सावकाश चालवितो आणि चक्रावरील पकड क्षणभर सैल करून ती कोणीकडे ओढते ते पाहतो. मग उतरून पुन्हा माप घेतो. जे जुळत नाही ते खडूने फळीवर लिहून ठेवतो, आणि पुढच्या चालकाला ती फळी वाचल्याशिवाय आसनावर बसू देत नाही.