लांबलेला हात आणि त्याचा धर्म

लडाखमध्यें हान्ले येथें, समुद्रसपाटीपासून सुमारें ४५०० मीटर उंचीवर, २ मीटर व्यासाच्या आरशाची एक दुर्बीण आहे. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नांवावरून तिला ‘हिमालयन चंद्र दुर्बीण’ म्हणतात. बंगळूरजवळच्या होसकोटे गांवीं बसून ज्योतिर्विद २००१ सालापासून उपग्रहाच्या मार्गानें तिला आज्ञा देतात. मध्यें अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक. त्याआधीं १९९९ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें शाळेच्या मुलांसाठीं अशीच सोय केली होती. मुलांनीं टपालानें किडे पाठवावेत, आणि आपल्या वर्गांत बसून इंटरनेटद्वारां विद्यापीठाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक स्वतः चालवून ते न्याहाळावेत.

अशा वेळीं एक जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो. ज्या यंत्रास आपला हात लागला नाहीं, त्यानें दाखविलेलें आपलें दर्शन म्हणावें काय? कष्टावांचून मिळालेलें ज्ञान उसनें, असें मानणाऱ्या पिढींत आम्ही वाढलों. त्यामुळें हा आक्षेप आम्हांस सहज झटकतां येत नाहीं. परंतु आज मोठ्या दुर्बिणीपाशीं उभा असलेला शास्त्रज्ञही तिला डोळा लावीत नाहीं. प्रकाश यंत्रावर पडतो व हा पडद्यावरील आंकडे वाचतो. तेव्हां स्पर्श ही कांहीं खरी कसोटी नव्हे. यंत्र कोठें फसवूं शकतें हें जो जाणतो आणि आपल्या निष्कर्षाविषयीं प्रथम स्वतःच शंका घेतो, दर्शन त्याचें. हें ज्यास ठाऊक नाहीं, तो यंत्राशेजारीं बसूनही परकाच.

उलट, जवळ असलेलें यंत्रही किती दूर असूं शकतें, हें आम्हीं पाहिलें आहे. एका महाविद्यालयांत एक मौल्यवान उपकरण मोडेल या भीतीनें वर्षानुवर्षें कपाटांत राहिलें. विद्यार्थ्यांनीं तें कांचेंतूनच पाहिलें, आणि त्यांस तसें पाहावयास लावणाऱ्या अध्यापकांत आम्हीही होतों. त्या कुलुपापेक्षां दोन हजार किलोमीटरांचें अंतर खचित सौम्य आहे. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ-दुर्बीण आहे. तिचा वेळ देशीं-परदेशीं संशोधकांना त्यांच्या प्रस्तावाची योग्यता पाहून दिला जातो. साधन कोणाच्या अंगणांत आहे याहून प्रश्न कोणाचा चांगला आहे, याला येथें मान आहे. हा न्याय आम्हांस योग्य वाटतो.

मात्र ज्याचा हात लांबला, त्याचें कर्तव्यही तितकेंच लांबतें. दुरून डोंगर साजरे, ही म्हण होसकोट्याच्या खोलींत अक्षरशः खरी ठरते. हान्लेच्या डोंगरावर हवा विरळ आहे, हिवाळ्यांत पारा शून्याच्या पुष्कळ खालीं उतरतो, आणि तशांत कांहीं माणसें तें यंत्र चालतें ठेवितात. दूरच्या खोलींत बसलेल्यास त्यांचे श्रम दिसत नाहींत. आणि जें दिसत नाहीं तें विसरण्यास मन फार उत्सुक असतें. वांटून घेतलेल्या यंत्राची एक रात्र आळसानें दवडणें म्हणजे त्यांचे श्रम तर फुकट घालविणेंच, शिवाय रांगेंत थांबलेल्या दुसऱ्या कोणाचा प्रश्न लांबणीवर टाकणें होय. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यानें निदान पीठ कोणीं दळलें हें तरी विचारावें.

विज्ञानानें आमच्या तरुणांना दोन हजार किलोमीटर पोहोंचणारा हात दिला आहे. त्या हाताच्या दुसऱ्या टोंकाशीं एक माणूस आहे, ही आठवण देण्याचें काम मात्र घराचें व शाळेचेंच आहे.