सलामी झाली, प्रवेशाचं काय?

कारगिल विजय दिनाचे फोटो या आठवड्यात सगळ्यांच्याच मोबाईलवर येऊन गेले. पुठ्ठ्याचा रणगाडा, भाड्याने आणलेले फौजी गणवेश, पहिलीतल्या पोराच्या ओठावर काजळाची मिशी. शाळांच्या या हौसेवर मी या स्तंभातून पूर्वीही टीका केली आहे. यंदा राग जास्त आहे. लोहगावचा हवाई तळ वाघोलीच्या शेजारी; बदलीवर आलेली फौजी कुटुंबं इथल्या सोसायट्यांत भाड्याने राहतात. त्यांच्या मुलांना मानवंदना नको असते, सप्टेंबरात वर्गात जागा हवी असते. ती मागितली की पट भरलाय, दाखला आणा, अभ्यासक्रम पुढे गेलाय, ही उत्तरं येतात. तीही एक वेळ समजून घेऊ. पण एक उत्तर मुळीच सहन होत नाही: ‘आमच्याकडे सगळी मुलं सारखी, कुणालाही वेगळी वागणूक नाही.’

ज्या शाळेत स्कॉलरशिपची हुशार तुकडी वेगळी बसते, स्पर्धेला गेलेल्या खेळाडूची चाचणी पुढे ढकलली जाते, फी थकलेल्यांची यादी वेगळी निघते, त्या शाळेला समानता नेमकी फौजीच्या मुलासमोर आठवते! चार वर्षांत तीन शाळा बदललेल्या मुलाला व्यवहारी अपूर्णांक दोनदा शिकवलेले असतात आणि दशांश अपूर्णांक एकदाही नाही, कारण जुन्या शाळेत ते दिवाळीनंतर होते आणि नव्या शाळेत दिवाळीआधीच उरकले. त्याच्यापुढे बाकीच्यांचीच प्रश्नपत्रिका ठेवायची, प्रगतिपुस्तकात ‘गणितात कच्चा’ असा शेरा मारायचा आणि याला समान वागणूक म्हणायचं? मराठीचंही तेच. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि ती असलीच पाहिजे, या मतावरून मी हटणार नाही. पण तेजपूरहून आलेल्या मुलीच्या हाती थेट सहावीचं पुस्तक देणं म्हणजे मराठी शिकवणं नव्हे. तिला सूटही नको. रोज अर्धा तास शिकवणाऱ्या बाई हव्यात आणि बाकावर शेजारी बोलकी मैत्रीण हवी. तेवढं मिळालं तर ती डब्याच्या सुट्टीत मराठीतच भांडायला लागेल.

‘फौजींसाठी केंद्रीय विद्यालयं आहेत, आर्मी स्कूल आहेत,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ साली पलटणींच्या वीस शाळा हाती घेऊन सुरू झाली, ती बदल्यांमुळे मुलांचं शिक्षण तुटू नये म्हणूनच. पण वडील फील्डवर गेले की कुटुंब जिथे घर मिळेल तिथे राहतं, आणि मग जवळची शाळा हीच त्याची शाळा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. बदलीचा हा हक्क विनाअनुदानित शाळांना लागू नाही, हे संस्थाचालकांना तोंडपाठ असतं. मात्र दार उघडायला कायद्याने कुणालाच मनाई केलेली नाही. अमेरिकेत सैनिकांच्या मुलांसाठी २००८ पासून राज्याराज्यांत करार होत गेला आणि २०१४ पर्यंत पन्नासही राज्यं त्यात आली. मूळ कागद यायच्या आत, पालकांनी हाती आणलेल्या नोंदींवर मुलाला वर्गात बसवायचं. बाप किंवा आई युद्धभूमीवरून परतली तर मुलाला जादा रजा देता येते. आपल्या जवानाला वर्षाला साठ दिवसांची रजा असते, पण ती मे महिन्यातच मिळेल असं थोडंच आहे? बाप जानेवारीत घरी आला, मुलगा चार दिवस त्याच्यासोबत राहिला, तर ती गैरहजेरी शाळेने समजून घ्यायला हवी.

एवढं कुणाला जमणार, असं वाघोलीने तरी विचारू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा शाळांचं पहिलं सत्र संपत आलं होतं. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं पुण्यात शिकायला आणली आणि त्याच कामातून वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. तो प्रसंग फार मोठा होता, फौजी कुटुंबाची अडचण तशी नाही, मान्य. मग एका वर्गात एक बाक वाढवणं त्याहून सोपं असायला हवं.

बाकीचं तर बिनपैशाचं आहे. बाबा सध्या कुठे आहेत, असं वर्गात उभं करून विचारू नका. ते सांगायचं नाही, अशी घरून ताकीद असते. आणि शाळांची ती ॲप! त्यांच्याबद्दल मी लिहिलं नाही असा महिना जात नाही. ओटीपी जातो वडिलांच्या नंबरवर, वडील लेहच्या पुढे, तिथे रेंज नाही, इकडे सहलीचा फॉर्म अडकलेला. आईचा नंबर आणि आईची सही पुरेशी धरायला शासन निर्णय लागत नाही. कार्यालयातल्या क्लार्कने येत्या सोमवारी तो एक रकाना बदलला तरी भागतं.