षष्ठीचा मान

भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती असते. कोकणातल्या आमच्या नाटे गावात हा दिवस तसा अडनिडाच येतो. गणपती गेलेले असतात, चाकरमानी मुंबईला परतलेले असतात, अर्ध्या घरांना पुन्हा कुलपं लागलेली असतात आणि पितृपक्ष सुरू असतो. साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा तर तो ऐन धंद्याचा काळ. या दिवसाला सुट्टी नाही, त्याचा शासन निर्णय नाही. तरीही चार शतकं उलटली, तो पाळला जातो आहे.

तो कशामुळे आला, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२ मध्ये सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे तीनशे वर्षं नकलेवर नक्कल होत गेली. कुणाचा हात चुकला, कुणी आपल्या पदरची ओवी घातली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे त्यात कुणी भर घालू नये असं बजावलं. हे काम पुरं झाल्याची जी तिथी त्यांनी नोंदवली, तीच आपण जयंती म्हणून पाळतो. एका माणसानं एका ग्रंथासाठी घेतलेल्या कष्टांची ही तिथी आहे.

आज धर्मग्रंथाला सरकारी दिवस मिळावा ही इच्छा अनेक देशांत दिसते. ब्राझीलमध्ये २००१ च्या कायद्यानं डिसेंबरचा दुसरा रविवार बायबल दिन ठरला. फिलिपिन्सनं २०१८ साली कायदा करून जानेवारीतला शेवटचा सोमवार राष्ट्रीय बायबल दिन केला. आपल्याकडे हरियाणा सरकार २०१६ पासून कुरुक्षेत्रावर आंतरराष्ट्रीय गीता महोत्सव भरवतं. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये सुषमा स्वराज यांनी गीतेला राष्ट्रीय ग्रंथ म्हणून जाहीर करावं, असं म्हटलं होतं. या मागणीमागची भावना मी हलकी लेखत नाही. ज्या ग्रंथानं आपल्याला आधार दिला, त्याच्यापुढे साऱ्या देशानं नतमस्तक व्हावं असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण गीतेचं मराठीतलं अलीकडचं आयुष्य पाहा. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी गीतारहस्य लिहिलं ते मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात. हस्तलिखित सरकारच्या ताब्यात राहिलं, सुटकेनंतर ते परत मिळालं आणि १९१५ साली पुस्तक निघालं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते शब्द टिपून घेत. विनोबा गागोद्याचे, गुरुजी पालगडचे. तिघंही आमच्या कोकणचे. ज्या राज्यानं यांना गजाआड टाकलं, त्याच्या मान्यतेविना ही पुस्तकं घराघरांत पोचली.

गोव्याची गोष्ट याहून कडवट. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. मराठी ओवीतलं, येशूचं चरित्र सांगणारं पुराण! १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. आरंभीच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पण भाविकांनी हातानं उतरवलेल्या पोथ्या राहिल्या आणि १९०७ साली मंगळूरला त्यांच्या आधारानं ते पुन्हा छापलं गेलं.

नाट्यात हिंदू आणि मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. रमजानात तरावीहच्या नमाजात कुराण ऐकलं जातं. हाफिजाला तर ते सारं मुखोद्गत असतं. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. दोन्हीकडे लोक आपल्या खर्चानं, आपल्या वेळानं, कुणाचं परिपत्रक न मागता बसतात. उद्या यांतल्या एकाच ग्रंथाचा दिवस सरकारी झाला, तर तो सगळ्यांच्या शाळेत पाळावा लागेल. तिथे कुणी हात जोडले आणि कुणी नाही, हे नजरेत भरेल. राज्य एकदा मान देऊ लागलं की न देणाऱ्याची नोंदही आपसूक होऊ लागते. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नको, असं संविधानाचं अठ्ठाविसावं कलम सांगतं, ते मुलांच्या मनावर असा भार पडू नये म्हणूनच, असं मी मानतो. धर्मांविषयी शिकवायला मात्र आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये स्पष्ट केलं आहे. नाट्यातल्या मुलानं ज्ञानेश्वरी, कुराण आणि क्रिस्तपुराण या तिन्हींविषयी जाणून घ्यावं, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

मग सरकारनं काय करावं? एकनाथांनी केलं ते. आपल्या शासनानं एकदा ते केलंही आहे. इतिहाससंशोधक राजवाडे यांनी उजेडात आणलेल्या जुन्या प्रतीच्या आधारे १९६० साली शासनानं ज्ञानेश्वरी छापली. कुणावर सक्ती नाही, कुणाला वगळणं नाही. ज्याला वाचायची त्याच्यापुढे नीट पाहिलेली संहिता ठेवली. ग्रंथाचा याहून मोठा सरकारी सन्मान मला सुचत नाही.

कोकणातल्या माळ्यांवर, देवघरांत, मशिदींच्या कपाटांत अजून हस्तलिखितं असतील. इथला पाऊस आणि वाळवी कागदाला फार दिवस देत नाहीत. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मोहीम जाहीर झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन करण्यासाठी. तिची माणसं जैतापूरच्या खाडीपर्यंत यावीत. त्यांनी देवनागरी, मोडी, अरबी अशा कुठल्याही लिपीतलं बाड सारख्याच काळजीनं उघडावं, त्याचं छायाचित्र घ्यावं आणि मूळ बाड ज्याचं त्याच्या घरी सुखरूप परत द्यावं. ग्रामपंचायतीनं त्यांना बसायला एक कोरडी खोली द्यावी. आणि हे काम पावसाळ्याआधी सुरू व्हावं.